विनिपेग सरोवराचा हंगाम : गोड्या पाण्यातील मासेमारीच्या अभ्यासाची प्रस्तावना

मासेमारी म्हटली की मराठी वाचकाच्या मनात समुद्रच उभा राहतो : नारळी पौर्णिमा, बंदरातल्या होड्या, १ जूनला सुरू होणारी पावसाळी बंदी. नद्या, तळी आणि जलाशय यांतल्या मासेमारीवर मात्र आपल्याकडे फारसे लिहिले गेलेले नाही. भोई आणि कोळी समाजांच्या कित्येक पिढ्या गोड्या पाण्यावर जगल्या, तरी त्यांचे ज्ञान ग्रंथांत उतरले ते तुटपुंजेच. म्हणूनच या शाखेकडे वळणाऱ्या प्रत्येकाचे मी मनापासून स्वागत करतो. तो जीवशास्त्राचा विद्यार्थी असो, इतिहासाचा असो, अर्थशास्त्राचा असो, किंवा घरात जाळे विणताना पाहत वाढलेला असो. या अभ्यासाला या सगळ्यांची सारखीच गरज आहे.

प्रवेशासाठी मी एकच सरोवर निवडले आहे, तेही दूरचे. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातले विनिपेग सरोवर. दहा सरोवरांवरून धावती नजर टाकण्यापेक्षा एका सरोवराच्या काठावर मुक्काम ठोकलेला बरा, असे माझे मत आहे. शिवाय या सरोवराभोवती करार, खटले, प्रयोग आणि आकडेवारी यांचा जेवढा लेखी साठा आहे, तेवढा फार थोड्या ठिकाणी सापडेल.

सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे २४,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्याच्या जवळजवळ दीडपट. सरासरी खोली मात्र अवघी १२ मीटर. हिमयुगाच्या अखेरीस या प्रदेशात अ‍ॅगॅसिझ नावाचा अफाट हिमजलाशय पसरला होता, त्याचा हा उरलेला तुकडा. रॉकी पर्वतापासून अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटापर्यंत सुमारे दहा लाख चौरस किलोमीटरचे पाणी इथे येते आणि नेल्सन नदीने हडसनच्या उपसागराला जाऊन मिळते. दक्षिणेकडचा भाग उथळ आणि गढूळ, उत्तरेकडचा विस्तीर्ण आणि त्या मानाने खोल. मध्ये अरुंद सामुद्रधुनीसारखा पट्टा. साधारण नोव्हेंबरपासून मे महिन्याच्या सुमारापर्यंत सरोवरावर बर्फ असतो.

इथला मुख्य मासा पिकरेल. पुस्तकांत त्याला वॉलाय म्हणतात, पण काठावरची माणसे पिकरेलच म्हणतात. त्याच्या डोळ्यामागे प्रकाश परतवणारा पडदा असतो, त्यामुळे अंधुक आणि गढूळ पाण्यातही त्याला भक्ष्य दिसते. त्याचाच लहान भाऊबंद सॉगर. उत्तरेकडच्या थंड पाण्यात व्हाइटफिश. यांची अंडी घालण्याची वेळ एक नाही. पिकरेल वसंतात, बर्फ वितळता वितळता अंडी घालतो. व्हाइटफिश शरदात, पाणी गोठायच्या आधी. त्यामुळे ‘विणीच्या काळात मासेमारी बंद’ हे वाक्य ऐकायला सोपे, अमलात आणायला अवघड. बंदी कोणत्या माशासाठी, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. वसंतात जाळी बंद आणि उन्हाळा, शरद व हिवाळा असे तीन हंगाम, ही इथली घडी पिकरेलकडे पाहून बसली आहे. हंगाम निसर्गाने दिला, पण त्याच्या कडा माणसाने आखल्या. पुढचे सारे या एका गोष्टीभोवती फिरते.

या तीन हंगामांतला हिवाळा जवळून पाहू, कारण बर्फाखाली जाळे कसे पसरतात हे कळल्याशिवाय इथल्या मासेमारीचे अर्थकारणही नीट कळत नाही. पूर्वी बर्फात ओळीने भोके पाडून लांब काठी एका भोकातून दुसऱ्याकडे ढकलत नेत, आणि काठीमागून दोरी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या भागात जिगर नावाचे साधन रूढ झाले. जिगर म्हणजे माणसाच्या उंचीहून लांब अशी लाकडी फळी. तिच्या मध्यभागी खाच, खाचेत लोखंडी टोकाची तरफ, तरफेला दोरी. पहारीने किंवा यंत्राने पाडलेल्या भोकातून फळी आत सारली की ती तरंगून बर्फाच्या खालच्या अंगाला चिकटते. वरून दोरी ओढली की तरफेचे टोक बर्फात रुतते आणि फळी एक पाऊल पुढे सरकते. दोरी सैल सोडली की तरफ मागे येते; पुन्हा ओढायचे. एक जण भोकापाशी बसून दोरी ओढत राहतो, दुसरा बर्फावरून चालत फळीचा ठोका ऐकत जातो. जाळ्याच्या लांबीइतके अंतर झाले की ठोका जिथे ऐकू येतो तिथे दुसरे भोक पाडायचे, आकड्याने दोरी बाहेर काढायची आणि तिच्या आधाराने जाळे बर्फाखालून ओढून घ्यायचे. वरच्या दोरीला तरंगते बोये, खालच्या दोरीला शिसे. जाळे पाण्यात भिंतीसारखे उभे राहते. ते उचलायच्या दिवशी मासा बर्फावर पडतो आणि कडाक्याच्या थंडीत काही वेळातच गोठतो. उन्हाळ्यात बर्फाच्या पेट्यांसाठी जो खर्च आणि जी धावपळ करावी लागते, ती इथे थंडी फुकटात करते.

जिगरने भोकांची संख्या कमी केली. मेहनत वाचली, म्हणून माणसे काठापासून दूर जाऊ लागली. घोड्यांच्या आणि कुत्र्यांच्या घसरगाड्यांची जागा पुढे बॉम्बार्डिए कंपनीच्या पट्ट्यांवर चालणाऱ्या बंद गाड्यांनी घेतली आणि जाळी आणखी दूर गेली. विद्यार्थ्याने इथे थांबून विचार करावा : एका वर्षी मासा जास्त मिळाला, तो सरोवरात जास्त होता म्हणून, की माणसांचा हात दूरवर पोहोचला म्हणून? केवळ वजनाचे आकडे या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत.

जाळ्याच्या आसाचेही, म्हणजे त्याच्या डोळ्यांच्या मापाचेही, तसेच. या उभ्या जाळ्यात मासा डोके घालतो आणि कल्ल्यांपाशी अडकतो. आसाहून लहान मासा पार निघून जातो, फार मोठा मासा आपटून परततो. म्हणजे आस ठरवताना आपण कोणत्या वयाचा मासा धरायचा आणि कोणाला वीण घालायला शिल्लक ठेवायचे, हेच ठरवत असतो. मासेमारीच्या कायद्यांत ज्या तरतुदींवरून सर्वांत कडाक्याची भांडणे होतात, त्यांत आसाची तरतूद बहुतेक वेळा असते, आणि ती भांडणे क्षुल्लक नसतात.

आता माणसांकडे वळू. क्री आणि ओजिब्वे हे मूळ रहिवासी लोक या काठांवर शतकानुशतके मासे धरत आले. सप्टेंबर १८७५ मध्ये ब्रिटिश राजसत्तेच्या वतीने आलेले आयुक्त कोल्विल नावाच्या आगबोटीतून सरोवरभर फिरले, आणि बेरन्स रिव्हर व नॉर्वे हाउस इथे पाचव्या करारावर सह्या झाल्या. त्या करारात मासेमारीचा हक्क मान्य केला आहे, पण सरकारी नियमांच्या अधीन राहून. दारूगोळा आणि जाळ्यांचा दोरा यांसाठी वर्षाला ५०० डॉलर खर्च करण्याचे वचनही त्यात आहे. हा तपशील मला फार बोलका वाटतो. जाळे ही या लोकांची उपजीविका आहे हे राजसत्तेने लिहून मान्य केले, आणि त्याच कागदावर त्या जाळ्याची दोरी आपल्या हातात ठेवली.

पुढच्याच महिन्यात, २१ ऑक्टोबर १८७५ ला, आइसलँडहून निघालेले पावणेतीनशेच्या वर स्थलांतरित सरोवराकाठच्या गिम्लीजवळ उतरले. समुद्रात मुरलेली ही माणसे, पण त्यांच्याजवळच्या जाळ्यांचे आस इथल्या माशांसाठी मोठे होते आणि पहिला हिवाळा उपासमारीत गेला. पुढच्या वर्षी देवीची साथ आली. आइसलँडी वस्तीत सुमारे शंभर माणसे दगावली. सँडी बार इथली मूळ रहिवाशांची वस्ती तर उद्ध्वस्तच झाली. नव्या वस्तीच्या आखणीत ज्याची जमीन गेली आणि तरीही ज्याने या नवख्यांना मदत केली, त्या जॉन रॅम्झीची पत्नी बेट्सी या साथीत गेली. तिच्या कबरीवर त्याने संगमरवरी शिळा उभारली. आज गिम्लीतली मासेमारी आइसलँडी वारसा म्हणून साजरी होते, आणि तो वारसा खरा आहे. पण त्या इतिहासातून सँडी बार गाळला, तर तो अर्धाच राहील.

१८८० च्या दशकापासून कंपन्या आल्या. उत्तरेकडचा व्हाइटफिश आगबोटींनी सेल्कर्कला आणि तिथून रेल्वेने अमेरिकेच्या शहरांत जाऊ लागला. काठावरच्या जमातींच्या प्रमुखांनी तक्रारी केल्या की आमच्या पोटाचा मासा व्यापारी नेत आहेत. अंड्यांसाठी मारला गेलेला स्टर्जन विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच कोसळला. फार उशिरा प्रौढ होणारा मासा असा उपसा सोसू शकत नाही. या सगळ्या काळासाठी फ्रँक टफ यांचा १९९६ चा ‘अ‍ॅज देअर नॅचरल रिसोर्सेस फेल’ हा ग्रंथ मी आधी वाचायला सांगेन. उत्तर मॅनिटोबातल्या मूळ रहिवाशांचा आर्थिक इतिहास त्यांनी हिशेबवह्या आणि सरकारी कागद तपासून उभा केला आहे.

सिद्धान्ताच्या बाजूने सुरुवात १९५४ पासून करावी. एच. स्कॉट गॉर्डन या कॅनेडियन अर्थशास्त्रज्ञाने त्या वर्षी दाखवले की मुक्तद्वार मासेमारीत नफा संपेपर्यंत नवे लोक येतच राहतात. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिनने हाच विचार गायरानाच्या उदाहरणातून जगभर पोहोचवला, आणि सामायिक मालकी म्हणजे विनाश असे समीकरण रूढ झाले. त्याला उत्तर देणाऱ्यांत मॅनिटोबा विद्यापीठाचे फिक्रेत बर्केस अग्रणी. जेम्स बेच्या काठावर चिसासिबी इथल्या क्री लोकांबरोबर त्यांनी काम केले. ही माणसे वेगवेगळ्या आसांची जाळी एकत्र वापरत, मासा कमी लागू लागला की जागा बदलत. परिणामी पाण्यात लहानथोर सर्व वयांचे मासे टिकून राहत. पाणी सामायिक होते, पण मुक्तद्वार नव्हते. तुर्कस्तानातल्या अलान्या इथल्या मच्छीमारांवरचे बर्केस यांचे काम एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आपल्या १९९० च्या ग्रंथात वापरले. ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये नोबेल मिळाले. मराठी वाचकाला यात एक ओळखीचे नावही भेटेल. पारंपरिक ज्ञान आणि जैवविविधता यांवरचा १९९३ चा गाजलेला शोधनिबंध माधव गाडगीळ, बर्केस आणि कार्ल फोल्के यांनी मिळून लिहिला आहे. आपल्या देवराया आणि उत्तरेतली जाळी एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत, हे त्यातून दिसते.

विनिपेग सरोवरावर सरकारने मार्ग घेतला तो कोट्याचा. १९७० मध्ये माशांत पारा आढळल्याने मासेमारी बंद करावी लागली. पुन्हा सुरू झाली तेव्हा प्रत्येक मच्छीमाराचा वाटा ठरला. पण पिकरेल, सॉगर आणि व्हाइटफिश हे तिन्ही एकाच कोट्यात मोजले जातात. ज्याचा भाव जास्त, त्याने कोटा भरणे स्वाभाविक आहे. मग व्हाइटफिशची नोंद घटली, तर तो पाण्यात घटला की बाजारात? १९६९ मध्ये स्थापन झालेल्या फ्रेशवॉटर फिश मार्केटिंग कॉर्पोरेशनची एकहाती खरेदी मॅनिटोबात २०१७ अखेर संपली, त्यामुळे आधीचे आणि नंतरचे आकडेही सरळ जोडता येत नाहीत. दफ्तरातला आकडा हा माशाइतकाच भावाचा आणि कायद्याचाही असतो. या विषयात येणाऱ्याने एवढे शिकून घेतले, तर पुढचे पुष्कळ सोपे होते.

आणि हंगाम पाण्याचाही बदलतो. १९७६ पासून नेल्सनच्या वरच्या टप्प्यात जेनपेग इथे सरोवराचा विसर्ग नियंत्रित होतो. पातळी समुद्रसपाटीपासून ७११ ते ७१५ फुटांच्या दरम्यान ठेवण्याचा प्रयत्न असतो. वीज हिवाळ्यात जास्त लागते, म्हणून पाणी हिवाळ्यात जास्त सोडले जाते. निसर्गक्रमात नदी ज्या काळात सर्वांत शांत असायची, त्याच काळात तिला वेग आला. खालच्या अंगाच्या गावांत बर्फावर चिखलपाणी साचते, बर्फाचा भरवसा राहत नाही. १९७७ चा नॉर्दर्न फ्लड करार अशाच नुकसानीपोटी झाला. दक्षिणेकडून रेड नदी येते ती शेतांचा आणि शहरांचा फॉस्फरस घेऊन; तिचे पाणी इतर मोठ्या नद्यांहून कमी, फॉस्फरस सर्वांत जास्त. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओंटारियोतले २२६ क्रमांकाचे लहान तळे अरुंद जागी पडदा टाकून दुभागले. ज्या भागात फॉस्फरस घातला तोच शेवाळाने हिरवागार झाला. त्या एका प्रयोगाने शेवाळ वाढण्यात दोष कुणाचा हा वाद निकालात काढला. तरी विनिपेगवर एक अवघड गोष्ट राहते. शेवाळाचे थर वाढले त्याच काळात, २००० नंतरच्या दशकात, पिकरेलचे उत्पादन भरघोस होते. घाण वाढली की मासा लगेच संपतो, अशी सरळ रेघ इथे ओढता येत नाही. २०१३ मध्ये झेब्रा शिंपले सरोवरात सापडले आणि अन्नसाखळीचे गणित पुन्हा बदलू लागले.

शेवटी वाचकाला एक विनंती. उजनीच्या भोयांना विचारा : धरणाआधी भीमेत कोणते मासे कोणत्या महिन्यात लागत, चिलापी कधीपासून जाळ्यात भरू लागली, आस कधी बारीक झाले, पाणी सोडण्याच्या वेळा बदलल्या तेव्हा काय झाले. जायकवाडीला विचारा, कोयनेला विचारा. उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. सांगणाऱ्याचे वय, पाण्याची जागा आणि महिना यांची नोंद सोडू नका. धरणाआधीची नदी पाहिलेली माणसे आता म्हातारी झाली आहेत, तेव्हा हे काम याच वर्षी सुरू करा.