कोर्लईचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याची भाषा

'पगार', 'मिस्त्री', 'चावी', 'घमेले', 'पिंप', 'बिजागरी' हे शब्द पिंपरी-चिंचवड किंवा चाकणच्या कारखान्यांत रोज कानांवर पडतात. हे सारे मराठीने पोर्तुगीज भाषेकडून घेतले आहेत. या भागावर पोर्तुगीजांचे राज्य कधीच नव्हते. पण मालासारखेच शब्दही बंदरातून आत येतात. बोरघाट चढून मावळात उतरणारी जुनी वाट ज्या बंदरांकडून येई, त्यांपैकी एक मोठे बंदर म्हणजे चौल. कान्हेरीच्या शिलालेखांतील 'चेमुल' ते हेच. या बंदराच्या मुखाशी, आजच्या रायगड जिल्ह्यात मुरूड तालुक्यात, कोर्लईचा डोंगर आहे.

कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते तिथला नकाशा फळ्यावर काढून पाहा. उत्तर काठावर रेवदंडा. दक्षिण काठाकडून काळ्या कातळाची एक लांबट, अरुंद सोंड उत्तरेकडे थेट पाण्यात शिरलेली. तिच्या पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला खाडी. डोंगराची उंची फारशी नाही. पण त्याच्या माथ्यावर तोफ ठेवली की खाडीत शिरणारे प्रत्येक गलबत तिच्या टप्प्यात येते. समोरचे रेवदंडाही येते.

पुढचा इतिहास या नकाशातूनच उलगडतो. १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतला. समोरचा डोंगर मात्र त्यांच्या ताब्यात नव्हता. १५९४ मध्ये निजामशाही फौजेने या डोंगरावर ठाणे उभारून पोर्तुगीजांची कोंडी केली. त्याच वर्षी पोर्तुगीजांनी हल्ला करून तो जिंकला आणि पुढे पक्का तटबंद केला. माथा अरुंद असल्याने आडव्या भिंती घालून त्याचे कप्पे पाडले. शत्रू एका कप्प्यात शिरला, तरी पुढचा दरवाजा पुन्हा लढून घ्यावा लागे. माथ्यावरचे पाण्याचे टाके आणि छप्पर गेलेले चर्च आजही दिसते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेचा कणाच मोडला. १७४० च्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले.

पोर्तुगालमध्ये मोन्साराझ, मार्वांव यांसारखी गावे डोंगरमाथ्यावर तटाच्या आत वसली आहेत आणि तिथे आजही माणसे राहतात. कोर्लईत उलट घडले. माथा ओस पडला, पायथ्याचे गाव मात्र टिकले. आणि त्या गावातील ख्रिस्ती वस्तीत एक वेगळी भाषाही टिकली. बोलणारे तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. ('लिंग' हे पोर्तुगीज 'लिंग्वा'चे, म्हणजे भाषेचे, आखूड रूप.)

मराठीत शब्द पोर्तुगीज असला, तरी वाक्य मराठीच राहते. कोर्लईच्या भाषेत याच्या उलट आहे. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण त्यांचा क्रम मराठीसारखा. पोर्तुगीज माणूस 'राम खातो आंबा' अशा क्रमाने बोलतो. कोर्लईकर आपल्याप्रमाणे 'राम आंबा खातो' हा क्रम ठेवतो. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने या भाषेची घडण तपासून १९९६ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

मूळ सत्ता गेल्यावरही ती अडीचशेहून अधिक वर्षे कशी तगली? एकाकी बेटावर जीवजाती वेगळ्या वाटेने वाढतात, हे आपण जीवशास्त्रात शिकवतो. इथे डोंगर, समुद्र आणि खाडी यांनी गावाचे जवळजवळ बेट केले होते. शिवाय धर्म वेगळा असल्याने शेजारच्या गावांशी सोयरीक नव्हती. प्रार्थनेतही पोर्तुगीज होती. हे दोन्ही कुंपणांचेच काम करत. १९६० च्या दशकानंतर चर्चचे व्यवहार मराठीत येऊ लागले. १९८० च्या दशकात साळाव-रेवदंडा पूल झाला. शाळा, दवाखाना, नोकरी जवळ आली. हे सारे गावाच्या हिताचेच. पण त्याने भाषेचे कुंपण उठले. आज ती बोलणारे हजाराच्या आसपास आहेत. तिला स्वतंत्र लिपी नाही, शाळेत स्थान नाही. तटाचा ढासळलेला दगड पुन्हा बसवता येतो. आईने मुलाशी बोलणे थांबवले, की भाषा मात्र दोन पिढ्यांत संपते.

म्हणून सहल कोर्लईला नेलीत तर मुलांना दरवाजे जरूर मोजू द्या, पण खाली उतरल्यावर गावातही थोडे थांबा. घर, पाणी, मासा, आई यांना इथे काय म्हणतात, हे गावकऱ्यांना आदराने विचारून मुलांनी वहीत देवनागरीत लिहावे. परतल्यावर प्रत्येकाने स्वतःच्या घरातील बोलीचे तेच शब्द शेजारी लिहावेत. औद्योगिक पट्ट्यातील वर्गात खानदेश, मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश अशा कितीतरी ठिकाणची मुले असतात. त्यांच्या घरांतील बोलींपैकी कोणत्या आता फक्त आजीच बोलते, हेही त्या तक्त्यावरून कळेल.