गुण, नोंद आणि निर्देशांक

मराठीत ‘गुण’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : एक अंगचा, दुसरा परीक्षेतला. पहिला सांगावा लागतो, दुसरा मोजता येतो. मुलांच्या मूल्यमापनाचा आपल्याकडील इतिहास या दोन अर्थांच्या ओढाताणीचा इतिहास आहे.

पंतोजींच्या शाळेत मुलाने पावकी, निमकी, दिडकी खणखणीत म्हणून दाखवली आणि मोडी अक्षर वळणदार काढले की तो पुढे सरके. ही कसोटी पाठांतराची होती, छडीच्या धाकाची होती आणि बहुसंख्य जातींना व मुलींना तिचे दारच बंद होते. तिचे गुणगान करण्याचे कारण नाही. मात्र तिचा निकाल गावाबाहेर कोणाच्या उपयोगाचा नव्हता, हे ध्यानात घ्यावे.

वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. वाशीम त्यातच होते. पुढे 1862 मध्ये इंग्लंडने ‘निकालानुसार अनुदान’ सुरू केले. वाचन, लेखन व अंकगणित यांपैकी ज्या विषयात मूल नापास होईल, त्याचे पैसे कापले जात. साहित्याच्या अभ्यासकांना कवी व समीक्षक म्हणून परिचित असलेला मॅथ्यू अर्नोल्ड तेव्हा शाळा-तपासनीस होता. शिकवणे यांत्रिक होईल, असे तो सातत्याने बजावीत राहिला. तरीही 1882 मध्ये नेमलेल्या हंटर आयोगाने हीच पद्धत आपल्याकडील देशी शाळांसाठी सुचवली. 1904 च्या शैक्षणिक ठरावात ती सोडून देण्यात आली. मुलाचे उत्तर शिक्षकाच्या पगाराशी बांधले की शिक्षक मुलाला नव्हे, उत्तराला शिकवू लागतो, हा त्यातला धडा.

शिक्षण हक्क कायद्यानंतर महाराष्ट्राने 20 ऑगस्ट 2010 रोजी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन स्वीकारले. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प यांना स्थान मिळाले. प्रगतिपत्रकात ‘विशेष प्रगती’, ‘आवड/छंद’, ‘सुधारणा आवश्यक’ हे रकाने आले. अंगच्या गुणाला पुन्हा शब्द मिळाले. पण नोंद लिहिणे हे गद्यलेखन आहे. त्याला निरीक्षण लागते आणि सवड लागते. ती नसली की बाजारातल्या तयार नोंदी उतरवल्या जातात आणि साऱ्या वर्गाचा स्वभाव एकसारखा होतो.

वाशीम हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून पुन्हा वेगळा झालेला जिल्हा. जानेवारी 2018 मध्ये तो देशातील आकांक्षित जिल्ह्यांत गणला गेला. तेथील क्रमवारीत शिक्षणाला 30 टक्के भार असून तिसरी, पाचवी व आठवीच्या मुलांची भाषा-गणितातील संपादणूकही त्यात मोजली जाते. मुलाचे उत्तर आता जिल्ह्याचा क्रमांक ठरवू लागले.

यात गैर काय? मोजल्यावाचून उपेक्षा दिसत नाही, हे खरेच. पण मानोऱ्याकडच्या एखाद्या तांड्यावरून आलेले मूल डोळ्यांपुढे आणा. घरी ते गोरमाटी बोलते, शाळेत मराठी उतारा त्याच्यासमोर येतो. ते अडखळले, तर आकडा एवढेच सांगतो की त्याला वाचता येत नाही. ते कोणत्या शब्दावर अडखळले आणि तीच गोष्ट आपल्या बोलीत किती रंगवून सांगते, हे आकड्याला ठाऊक नसते. ते सांगण्याचे काम नोंदीचे. आकडा जिल्ह्याला अवश्य लागतो. त्या मुलाला मात्र त्याच्याविषयी खरे वाक्य लिहू शकणारा शिक्षक लागतो, आणि असे शिक्षक घडवणे हे तुम्हा-आम्हा भाषा शिकवणाऱ्यांचेच काम आहे.