पाव मैल आणि परतीचा रस्ता

अमेरिकेत रस्त्यावर चालणाऱ्या मोटारीच्या टायरच्या साइडवॉलवर ‘डीओटी’ ही तीन अक्षरं असतात. तिथल्या परिवहन खात्याची ही आद्याक्षरं. ड्रॅग रेडियल नावाच्या टायरवरही ती असतात. हा टायर बनवलाय ट्रॅकवर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, सरळ रेषेत सुसाट पळण्यासाठी. शर्यत संपली की त्याच टायरवर घरी जायचं, अशी कल्पना. ती तीन अक्षरं पाहून अनेकांना वाटतं, सरकारनेच शिक्का मारलाय, मग काळजी कसली? हा गैरसमज समजून घ्यायचा तर थोडं मागे जावं लागतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या तरुणांच्या हाती जुन्या स्वस्त फोर्ड गाड्या होत्या आणि इंजिनाशी खेळण्याची हौस होती. सिग्नल हिरवा झाला की भर रस्त्यावर शर्यत. माणसं मरत होती, पोलीस वैतागले होते. १९५० मध्ये सांता आना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर रीतसर शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये ‘हॉट रॉड’ मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन केली. १९५४ पासून या संस्थेची ‘सेफ्टी सफारी’ नावाची तुकडी गावोगाव फिरून सुरक्षित शर्यत कशी भरवायची ते शिकवू लागली. या सगळ्या खटाटोपाचा हेतू एकच : शर्यत रस्त्यावरून उचलून ट्रॅकवर न्यायची.

शर्यत ट्रॅकवर गेली, पण टायर रस्त्याचाच होता. इंजिनाची ताकद वाढली तशी चाकं जागच्या जागी फिरून धूर काढू लागली. मग आपल्याकडे ट्रकचे टायर रिमोल्ड करतात तसा उद्योग सुरू झाला : जुन्या टायरवर मऊ, गुळगुळीत रबराचा थर चढवायचा. यालाच ‘स्लिक’ म्हणतात. टायरवरच्या खाचा पाण्याला वाट करून देण्यासाठी असतात. कोरड्या ट्रॅकवर त्या म्हणजे वाया गेलेलं रबर. पन्नासच्या दशकातच मॅसॅच्युसेट्समधल्या रिफकिन पितापुत्रांच्या ‘एम अँड एच’ कंपनीने खास ड्रॅग रेसिंगसाठी टायर बनवायला घेतले. पुढे मऊ साइडवॉलचे स्लिक आले. गाडी सुटताना त्यांच्या साइडवॉलला कापडासारख्या सुरकुत्या पडतात आणि इंजिनाचा पहिला धक्का त्या सुरकुत्यांत जिरतो.

हे टायर ‘बायस’ जातीचे होते. म्हणजे आतले धागे तिरपे, एकमेकांना छेदत जाणारे. मिशेलिनने १९४९ मध्ये बाजारात आणलेल्या रेडियल टायरमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत थेट आडवे जातात आणि वर पोलादी तारांचा पट्टा असतो. त्यामुळे जमिनीला टेकणारा भाग सपाट राहतो, टायर कमी तापतो आणि इंधन वाचतं. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेलाही हे पटलं. ड्रॅग रेसर मात्र बराच काळ म्हणत राहिले, की हा टायर रेससाठी फार ताठ.

१९९० च्या दशकात रस्त्यावरच्या गाड्यांच्या शर्यतींची लाट आली आणि रेडियल सांगाडा अधिक चिकट रबर अशी जोडी जमली. तिच्यावर डीओटीची अक्षरंही उमटली. आज ‘रेडियल व्हर्सेस द वर्ल्ड’ या वर्गात दोन हजारांहून जास्त हॉर्सपॉवरच्या गाड्या अशा टायरवर एक अष्टमांश मैल चार सेकंदांच्या आत कापतात. हा टायर बायस स्लिकसारखा सांभाळून मात्र घेत नाही. एकदा सुटला की बहुतेकदा पाय काढल्याशिवाय पुन्हा पकडत नाही.

आता त्या तीन अक्षरांकडे येऊ. ती उमटवतो निर्माता. आपला टायर मानकात बसतो हे तो स्वतः प्रमाणित करतो. सरकार आधी तपासून शिक्का मारत नाही. १९६८ पासूनच्या या मानकात टायरची ताकद, रिमवर बसून राहणं, टिकाऊपणा आणि वेगातली तग या चाचण्या होत्या. ओल्या रस्त्यावरच्या पकडीची अट त्यात नव्हती. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे चांगलं ठाऊक असतं : सगळ्या टेस्ट पास होतात आणि जी टेस्ट लिहिलीच नव्हती तिथे सिस्टीम कोसळते.

ड्रॅग रेडियल कोसळतो तो पावसात. खाचा उथळ आणि मोजक्या, त्यामुळे पाणी बाहेर पडत नाही आणि टायर पाण्यावर तरंगू लागतो. त्यातून पुढची चाकं साध्या टायरची, मागची ड्रॅग रेडियलची. म्हणजे मागची चाकं आधी सुटतात आणि गाडी गरकन फिरते. थंडीत रबर कडक होतं, तेव्हाही पकड जाते. ट्रॅकवर चिकट रसायन फवारलेलं असतं, रस्त्यावर नसतं. म्हणून निवडताना रेसच्या सेकंदांआधी घरचं अंतर आणि आभाळ बघावं. लांबून गाडी चालवत येणार असाल तर जास्त खाचांचा टायर घ्या, सेकंदाचे काही अंश गेले तरी चालतील. झिजेचा आकडा वाचा : साध्या टायरवर तो तीनशे-चारशेच्या घरात असतो, काही ड्रॅग रेडियलवर चक्क ००. साइडवॉलवरचे चार आकडे कितव्या आठवड्यात, कोणत्या साली टायर बनला ते सांगतात. सेकंडहँड घेताना ते आधी बघा. पुढे रेडियल आणि मागे बायस अशी जोडी लावली तर वेगात गाडीचं शेपूट हलतं.

ट्रॅकवर हवा १५ ते २० पीएसआयपर्यंत उतरवतात. बर्नआउटच्या आधी पाण्याच्या डबक्याला वळसा घालतात, कारण खाचांत अडकलेलं पाणी नेमकं स्टार्ट लाइनवर गळतं. निघताना हवा पुन्हा भरायची. कमी हवेवर महामार्गाला लागलं तर साइडवॉल तापून फाटू शकते. आणि पकड वाढली की जो धक्का आधी धुरात जायचा तो ॲक्सल आणि गिअरबॉक्सवर येतो, हेही धरून चालायचं.

गंमत अशी, की शर्यत रस्त्यावरून ट्रॅकवर नेण्यासाठी एका पिढीने जिवाचं रान केलं आणि या टायरने ट्रॅक पुन्हा रस्त्यावर आणला. अमेरिकेत २००५ पासून ‘ड्रॅग वीक’ होतो : पाच दिवस, सुमारे हजार मैल, एका ट्रॅकवरून दुसऱ्या ट्रॅकवर तीच गाडी चालवत जायचं. तिथे कित्येक जण मागे छोटा ट्रेलर ओढतात. त्यात अवजारं असतात आणि रेसच्या टायरची जोडी. ट्रॅकवर पोचले की चाकं बदलतात, निघताना पुन्हा बदलतात.

आपल्याकडे लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस होतात. तिथून परतताना घाट लागतो, आणि तिथला पाऊस काही सांगून येत नाही. डिकीत जॅक आणि साध्या टायरची दोन चाकं ठेवा. बदलायला अर्धा तास लागतो.