पूरक हवा यंत्रणा
एक्झॉस्ट पंखे कारखान्यातली जेवढी हवा बाहेर फेकतात, साधारण तेवढीच ताजी हवा गाळून आत देणारी पंखा, फिल्टर आणि डक्ट यांची योजना. ती नसली की इमारत मिळेल तिथून हवा ओढते: फटींतून धूळ शिरते, भट्टीच्या धुरांड्यातला कार्बन मोनॉक्साइड उलटा आत येतो. दाबातला फरक 25 पास्कल इतका किरकोळ असला, तरी 2 चौ.मी.च्या दारावर सुमारे 5 किलोंचा रेटा बसतो. मग बिजागऱ्यांना कितीही तेल घाला!

रंगकामाच्या बूथमध्ये अनेकदा मुद्दाम थोडी जास्त हवा सोडतात, म्हणजे ओल्या रंगावर बाहेरची धूळ बसत नाही.

थंड देशांत ही हवा गॅस बर्नरने तापवतात. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात ओल्या पॅडमधून गार करता येते. पंख्याचा वेग 20 टक्क्यांनी घटवला, तर विजेचा खप जवळपास निम्म्यावर येतो.