कोवळी पानगळ

महाराष्ट्रातील बालमृत्यूंविषयीचा मराठी अहवाल (२००१). गडचिरोलीतील ‘सर्च’ या संस्थेच्या पुढाकाराने राज्यातील तेरा स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन आदिवासी गावे, ग्रामीण भाग व शहरी झोपडपट्ट्यांतील जन्ममृत्यूंची स्वतंत्र नोंद ठेवली. प्रत्यक्ष मृत्यू सरकारी आकड्यांहून कितीतरी जास्त असल्याचे त्यातून पुढे आले. घरी जन्मून दोन-चार दिवसांत दगावलेले मूल सरकारी दप्तरात अनेकदा चढतच नसे. चढलेच तर ‘मृतजन्म’ म्हणून.

‘सर्च’चे संस्थापक डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांचे नवजात बालकांच्या घरोघरी सेवेवरील संशोधन १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले होते. सेवा दिलेल्या गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. पण विधिमंडळाच्या अधिवेशनात प्रश्न विचारायला लावले ते मराठी अहवालाने, आणि त्याचे श्रेय आकड्यांइतकेच नावालाही द्यावे लागेल. वर्तमानपत्रांनी तो विषय उचलून धरला. पुढे शासनाने डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली.

‘सर्च’ने ज्ञान गावापर्यंत नेले ते वस्तूंच्या रूपानेही. निरक्षर दाईला न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून केलेल्या श्वासमापकात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी असतात. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, तर औषध सुरू करायचे. २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत अशी घरोघरी नवजात सेवा देशभर सुरू झाली.