सरोवर कोणी खणले?

स्कॉटलंडच्या नकाशात ग्लासगो शहर शोधू आणि तिथून थोडे वायव्येला सरकू. सुमारे ३६ किलोमीटर लांबीचे लॉख लोमंड सरोवर दिसेल. उत्तरेकडे ते डोंगरांत अडकलेले, चिंचोळे आहे. दक्षिणेकडे मात्र ते आठ किलोमीटरपर्यंत रुंदावते आणि तिथेच त्याची बहुतेक बेटे विखुरलेली आहेत.

आता एक गंमत पाहू. सरोवराचे पाणी समुद्रसपाटीपासून जेमतेम आठ मीटर उंचीवर आहे, पण उत्तर भागात खोली १९० मीटरपर्यंत जाते. म्हणजे तिथला तळ समुद्रसपाटीच्याही सुमारे १८० मीटर खाली! नदी उताराने समुद्राकडे वाहते. इतका खोल, चारी बाजूंनी बंद खळगा ती खणू शकत नाही. मग तो खणला कोणी?

१८४० साली स्विस शास्त्रज्ञ लुई अगासी ग्लासगोला आले. इथे एके काळी हिमनद्या होत्या, असे त्यांनी सांगितले. पुढे १८६२ मध्ये अँड्र्यू रॅम्झी यांनी पुढचे पाऊल टाकले : अशी अनेक सरोवरे हिमनद्यांनीच खडक कोरून बनवली आहेत. भूविज्ञान सर्वेक्षणातले त्यांचे वरिष्ठ मर्चिसन यांना हे पटले नाही. थोर भूवैज्ञानिक लायल यांनीही विरोध केला. मऊ बर्फ कठीण खडक कसा कोरणार, ही शंका स्वाभाविकच होती. पण खडक कोरतात ते बर्फात रुतलेले दगडगोटे. बर्फाचे प्रचंड वजन त्यांना तळावर घासत नेते. शिवाय बर्फाचा जाड थर मागून रेटत असल्याने हिमनदी चढावरही सरकू शकते. म्हणूनच बंद खळगा तयार होतो.

लोमंडचा आकारही यातून उलगडतो. उत्तरेत बर्फ दरीत कोंडला, म्हणून तो खोल उतरला. दक्षिणेत मोकळी जागा मिळताच तो पसरला आणि त्याची धार बोथट झाली. इंचमरिन, क्रिंच, टॉरिंच, इंचकॅलाख ही बेटे एका रांगेत आहेत. त्यांच्याखालून मोठा भूविभंग जातो आणि तिथले कठीण खडक बर्फाला पुरून उरले. इथली शेवटची हिमनदी वितळली ती सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी.

१८९७ ते १९०९ या काळात मरे आणि पुलर यांच्या पुढाकाराने स्कॉटलंडमधल्या ५६२ सरोवरांची खोली मोजली गेली. वर्गात मुलांना उत्तर आधी न सांगता उंची आणि खोलीचे हे दोन आकडेच फळ्यावर लिहून दिले तर? वजाबाकी झाली की प्रश्न मुलेच विचारतील.