लाल भीतीचे दिवस : अमेरिका, १९१९-२०

पहिले महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी संपले तेव्हा अमेरिका विजेत्यांच्या पंक्तीत होती. तिच्या भूमीवर युद्धाची झळ फारशी पोहोचलीही नव्हती. तरीही पुढच्या दीड वर्षात या देशाने घेतलेली धास्ती एखाद्या पराभूत राष्ट्राला शोभावी अशी होती. इतिहासात हा काळ 'रेड स्केअर' म्हणजेच 'लाल भीती' या नावाने ओळखला जातो. रशियन राज्यक्रांतीचे भय आणि परदेशातून आलेल्या मजुराविषयीचा आकस या मुळात दोन वेगळ्या गोष्टी. त्या काळात त्या एकच होऊन बसल्या.

भय अगदीच निराधार होते, असे मात्र नाही. लाखो सैनिक घरी परतत होते, युद्धसामग्रीचे कारखाने थंडावले होते आणि महागाईने सामान्यांचे कंबरडे मोडले होते. फेब्रुवारी १९१९ मध्ये सिएटल शहरात साठ हजारांवर कामगारांनी सार्वत्रिक संप केला. सप्टेंबरात बॉस्टनचे पोलीसच संपावर गेले आणि पाठोपाठ पोलाद कारखान्यांतील सुमारे साडेतीन लाख कामगार बाहेर पडले. या कामगारांत पूर्व आणि दक्षिण युरोपातून आलेल्यांचा भरणा मोठा होता. 'संप म्हणजे क्रांती आणि संपकरी म्हणजे परकी माणूस' हे समीकरण वृत्तपत्रांनी वाचकांच्या मनावर बिंबवले.

त्यात बाँबची भर पडली. एप्रिल १९१९ मध्ये नामवंतांच्या नावे टपालाने बाँब पाठवण्यात आले. त्यांतील सोळा पार्सले पुरेशी तिकिटे न लावल्यामुळे न्यूयॉर्कच्या टपाल कार्यालयातच पडून राहिली! २ जूनच्या रात्री मात्र अनेक शहरांत स्फोट झाले. वॉशिंग्टनमध्ये अॅटर्नी जनरल मिचेल पामर यांच्या घराचा दर्शनी भाग उद्ध्वस्त झाला आणि बाँब ठेवणारा स्वतःच त्यात ठार झाला. आजवर उदारमतवादी गणल्या जाणाऱ्या पामर यांनी त्यानंतर कठोर पवित्रा घेतला. त्यांच्या खात्यात खास विभाग निघाला आणि तो अवघ्या २४ वर्षांच्या एका तरुणाच्या हाती आला. हा तरुण म्हणजे पुढे एफबीआयचा सर्वेसर्वा झालेला जे. एडगर हूवर. ग्रंथालयात काम केलेल्या हूवरने संशयितांची कार्डसूची तयार करायला घेतली.

या मोहिमेतली कायद्याची मेख नीट समजून घ्यायला हवी. अमेरिकी नागरिकाला केवळ विचारांसाठी शिक्षा देणे अवघड होते. नागरिकत्व नसलेल्याची गोष्ट निराळी. १९१८ च्या कायद्यानुसार अराजकवादी किंवा सरकार उलथण्याचा पुरस्कार करणाऱ्या संघटनेचे निव्वळ सदस्यत्वही हद्दपारीला पुरेसे होते. हद्दपारी ही 'शिक्षा' नव्हे, प्रशासकीय कारवाई; त्यामुळे ज्यूरी नाही, खटला नाही. डिसेंबर १९१९ मध्ये ब्यूफर्ड नावाच्या जुन्या जहाजातून २४९ जणांना रशियाकडे रवाना करण्यात आले. त्यात एमा गोल्डमन होत्या, तसेच कोणताही गुन्हा सिद्ध न झालेले अनेक मजूर होते. महिनाअखेरीस आणखी एक बदल झाला. चौकशीच्या आरंभापासूनच वकील देण्याचा नियम गुपचूप सैल करण्यात आला.

लगेच २ जानेवारी १९२० रोजी तीसहून अधिक शहरांत धाडी पडल्या. हजारो लोक पकडले गेले, त्यांतील कित्येक वॉरंटाविनाच. डेट्रॉईटमध्ये सुमारे आठशे जणांना एका सरकारी इमारतीच्या बंदिस्त व्हरांड्यात कित्येक दिवस कोंडण्यात आले. एवढ्या माणसांत शौचालय एकच होते.

ही लाट अडली ती मोर्च्यांनी नव्हे, तर एका वयोवृद्ध अधिकाऱ्याच्या टेबलावर. हद्दपारीच्या आदेशावर अखेरची सही मजूर खात्याची लागे. मार्च १९२० मध्ये तिथला कार्यभार सत्तरी ओलांडलेल्या लुई पोस्ट यांच्याकडे आला. त्यांनी एकेक प्रकरण स्वतः वाचले. कित्येकांना आपण कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य आहोत याचीच कल्पना नव्हती. समाजवादी पक्षातून त्यांची नावे परस्पर तिकडे नेली गेली होती. पोस्ट यांनी हजाराहून अधिक वॉरंटे रद्द केली. प्रतिनिधिगृहात त्यांच्यावर महाभियोगाची मागणी झाली. मे महिन्यात समितीपुढे त्यांनी दिलेली साक्ष इतकी मुद्देसूद होती, की ती मागणी तिथेच विरली.

दरम्यान १ मे रोजी देशभर उठाव होणार, असे भाकीत पामर यांनी केले होते. न्यूयॉर्कचे पोलीस दल सज्ज राहिले. काहीच घडले नाही आणि पामर यांचे हसे झाले. गंमत अशी, की खरा भीषण स्फोट त्यानंतर झाला. १६ सप्टेंबर १९२० रोजी वॉल स्ट्रीटवर झालेल्या त्या स्फोटात ३८ जण मरण पावले, गुन्हेगार कधीच सापडले नाहीत, पण देश पुन्हा पहिल्यासारखा बिथरला नाही.

परक्यांविषयीचा आकस मात्र कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसला. १९२१ मध्ये देशनिहाय कोटा आला. १९२४ च्या कायद्याने तो १८९० च्या जनगणनेवर बेतला, कारण तेव्हा इटालियन, पोलिश आणि ज्यू मंडळी अमेरिकेत कमी होती. इटलीचा वार्षिक कोटा ४२ हजारांवरून ३,८४५ वर आला.

भारतीयांना दरवाजा १९१७ मध्येच बंद झाला होता. महायुद्धात अमेरिकी लष्करात सेवा केलेल्या भगतसिंग थिंड यांचे नागरिकत्व सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये नाकारले. सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे ते 'गोरे' नाहीत, हे त्याचे कारण. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलंड स्वतः इंग्लंडात जन्मलेले स्थलांतरित होते. १९४६ मध्ये भारताला कोटा मिळाला, तो वर्षाला शंभर माणसांचा. अमेरिकेत आज दिसणाऱ्या मराठी वस्तीला वाट मोकळी झाली ती ३ ऑक्टोबर १९६५ रोजी, जेव्हा अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी बसून कोटापद्धती मोडीत काढणाऱ्या कायद्यावर सही केली.